एका हाताची टाळी

२ फेब्रुवारी

कंपनीबाईंचा फोन आला आणि माझा कप भिंतीवर फुटला. चहा भरलेला होता, त्यामुळे भिंतही गेली. बाईंचं म्हणणं, तुमच्या दोघांच्या रेकॉर्डची आता एक रिमिक्स रेकॉर्ड काढू. म्हणजे गाणी आमचीच, पण वेगवेगळ्या लोकांनी सोललेली, चिरलेली आणि आपल्या मापाने पुन्हा शिवलेली. एकेक सूर मी महिनोन्महिने घासायचा आणि त्यावर हे आयत्या बिळावरचे नागोबा येऊन बसायचे. "लोक नाचतील हो," म्हणाल्या. आतापर्यंत काय लोक झोपत होते?

काचा धाकटीने गोळा केल्या. धाकटी म्हणजे माझी बहीण, आमच्या जोडीतला गळा. सिंथ आणि बाकी सगळी यंत्रं माझी. लोक पोस्टरवर तिलाच बघतात, बघोत बापडे, पण सूर मी ठरवतो, शब्द मी ठरवतो, ओळीत श्वास कुठे घ्यायचा तेही मीच ठरवतो. काचा वेचता वेचता ती म्हणाली, "होऊ दे ना दादा. तुला काहीच करावं लागणार नाही."

"आणि तुला?"

"मलाही नाही. ही रेकॉर्ड झाली की मी थांबते."

हल्ली ती हे अधूनमधून म्हणते. मी ऐकलं न ऐकलं करतो, पण ऐकतो. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहून टाकतो: मला भीती वाटते. तिच्याशिवाय मी म्हणजे घरात बसून बटणं दाबणारा माणूस. कंपनीला जोडी हवी आहे, एकट्याला कोणी दारात उभं करणार नाही. तेव्हा ही रिमिक्स चालली पाहिजे. अशी चालली पाहिजे की तिला थांबायचं सुचूच नये.

बाईंना हो कळवलं.

६ फेब्रुवारी

कंपनीत जाऊन आलो. नियम सोपा आहे: एकेक रिमिक्स तयार होईल, आम्ही दोघांनी ऐकायची, पसंत पडली तर दोघांनी सही करायची. सही झाली की मग कुरकुर चालणार नाही.

रिमिक्सवाल्यांना सगळ्या गाण्यांचे सुटे ट्रॅक हवेत. ढोल वेगळे, बेस वेगळा, आवाज वेगळा. तेही स्वच्छ करून, म्हणजे मधलं खोकणं, खुर्च्या सरकवणं, गप्पा, सगळं काढून. मी म्हटलं, नागोबांसाठी बीळ झाडूनही मीच द्यायचं? तसंच्या तसं सगळं पाठवून दिलं. घ्या, काय निवडायचं ते निवडा.

आमच्याकडे कचरा जरा जास्तच निघणार, कारण माझी पद्धत वेगळी आहे. धाकटी खोलीत आली की मी रेकॉर्डिंग सुरू करतो आणि ती बाहेर जाईपर्यंत थांबवत नाही. रेकॉर्डिंग चालू असलं की पेटतो तो लाल दिवा मी मुळातच काढून टाकलाय. दिवा दिसला की ती गायला लागते, आणि मला तिचं गाणं नको असतं, त्याच्या आधीचं काहीतरी हवं असतं. 'पायऱ्या' या आमच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात ती पहिल्या ओळीआधी जो श्वास ओढते, त्यावर लोक जीव टाकतात. एकाने लिहिलं होतं, या श्वासात अख्खं गाणं आहे. तो असाच सापडलेला.

अर्थात त्यासाठी तिला जरा तापवावं लागतं. थंड तव्यावर काही भाजत नाही.

११ फेब्रुवारी

आज सकाळपासून डोकं फिरलेलं. धाकटीने माझ्या खोलीतल्या वायरी "आवरून" ठेवल्या. मी दार आपटलं, दुर्दैवाने तिचं बोट मध्ये होतं. नख काळं पडलंय. आईने बर्फ लावला आणि नेहमीसारखी म्हणाली, "एका हाताने टाळी वाजत नाही. तूही त्याच्या वायरींना कशाला हात लावतेस?"

आईचं असं बरं असतं, कुणा एकाची बाजू घेत नाही.

आमच्या घरात गाणं पहिल्यापासून. बाबांचा पारा चढायला लागला की आई आधी उठून रेडिओ मोठा करायची. मग आतल्या खोलीचं दार लागायचं. आम्ही दोघं रेडिओला कान लावून बसायचो. कोणतं वाद्य कधी येतं, ढोल कुठे थांबतो, सगळं मला तेव्हापासून पाठ. शेजारी म्हणायचे, काय रसिक माणसं आहेत. बाबा गेले तेव्हा आई आठवडाभर रेडिओ लावायला विसरली होती आणि मला त्या शांततेत झोप येईना.

बाबांच्या हाताची सर मला कधी आली नाही. मी त्या मानाने देवमाणूस आहे.

२० फेब्रुवारी

पहिल्या तीन रिमिक्स आल्या. एक म्हणजे बादलीत पडलेला चमचा. दुसरी ऐकून मी स्पीकरला लाथ घातली, पायाचा अंगठा सुजला, स्पीकर शाबूत. तिसऱ्याने धाकटीचा आवाज इतका ताणलाय की गाय वाटते. धाकटी हसून हसून वाकली. मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघं एकत्र हसलो असू.

२३ फेब्रुवारी

आज मात्र मानलं!

'पायऱ्या'ची रिमिक्स मुंगसाने केली आहे. हा माझ्याच वयाचा, निमुळत्या तोंडाचा, सगळीकडे नाक खुपसणारा प्राणी, म्हणून मीच हे नाव ठेवलंय. त्याच्याकडून मला शून्य अपेक्षा होती. पण त्याने काय केलंय! ढोल सगळे काढून टाकलेत. उरलाय फक्त तो श्वास आणि एक टाळी. टाळी, श्वास. टाळी, श्वास. बाकी गाणं त्याच्यावर हळूहळू चढत जातं.

आणि टाळी कसली! कोरडी, धारदार, मागे खोलीचा किंचितसा घुमारा. यंत्रातली नाही हे नक्की. लाकडाचीही नाही. दोन तळहातांची म्हणावी तर जरा जास्तच भरीव. माझ्याकडे टाळ्यांचे ढीग आहेत, पण असली एकही नाही. मी ती इतक्या वेळा ऐकली की माझं डोकं तिच्या तालावर हलायला लागलं.

धाकटीला बोलावून ऐकवली. ती दारातच उभी होती. पहिल्या टाळीला तिने चौकट धरली. गाणं संपल्यावर म्हणाली, "परत लाव."

परत लावली.

"ओळखलीस?" तिने विचारलं.

"टाळी ना? तेच तर! कुठून आणली असेल गं त्याने?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग चक्क हसली. "तुझे कान म्हणजे कान आहेत, दादा," म्हणाली आणि सहीचा कागद मागितला. माझ्या आधी सही केली. मीही केली आणि बाईंना कळवलं की हेच गाणं रेकॉर्डवर पहिलं पाहिजे, बाकीची मागे कशीही लावा.

जेवताना आईलाही ऐकवलं. आईने पहिल्या दहा सेकंदांतच उठून आवाज बारीक केला. पार बंदच केला. म्हणाली, डोकं दुखतंय. आईला नवं संगीत कळत नाही, त्याला मी काय करणार?

२८ फेब्रुवारी

टाळी पाठ सोडत नाही. आज दिवसभर तशी बनवायचा प्रयत्न केला. तळहातांवर पावडर लावून झाली, पुस्तकावर चप्पल मारून झाली, उशीवर पट्टा मारून झाला. धाकटी दारातून बघत होती. "जमत नाही?" म्हणाली. मी म्हटलं, जमेल. ती म्हणाली, "जमेल तुला. तुलाच जमेल."

मुंगसाला फोन केला तर म्हणतो, "तुमच्याच फोल्डरमधली आहे की. तुम्हाला माहीत नाही?" चोर तो चोर. उद्या त्याच्या घरी जाऊन सोक्षमोक्ष लावतो.

१ मार्च

उजव्या हाताच्या बोटांची साल निघालीये, बरगडीत कळ येते, म्हणून अक्षर असं.

मुंगसाने दार उघडलं, चहा विचारला, खुर्ची दिली. मी म्हटलं, टाळी दाखव. त्याने आमचा आवाजाचा ट्रॅक उघडला, गाण्याच्या बराच आधीचा भाग काढला आणि लावला.

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग मी: "परत. मेल्यासारखी गातेस." मग धाकटी: "दमले रे दादा. पाच मिनिटं दे ना." मग मी: "पाच मिनिटं?"

मग टाळी. मग तो श्वास. आणि श्वासाला लागूनच पहिली ओळ, हीच, जी जगाने ऐकली.

मी म्हटलं, "टेबलावर हात आपटलाय मी."

मुंगूस म्हणाला, "टेबल श्वास घेत नाही."

म्हणाला, आधी मलाही कळलं नव्हतं, मी तुकडा कापून ठोका म्हणून लावला, नंतर मागचं बोलणं ऐकलं. मग कंपनीला पाठवण्याआधी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, काढू नका, राहू दे.

ताईंना! म्हणजे ह्या दोघांचं आधीच बोलणं झालेलं, आणि मी तिला घरी कौतुकाने ऐकवतोय. माझा हात सुटला. हाताखाली गाल आला आणि जो आवाज निघाला तो मी आठवडाभर ऐकत होतो. तीच धार, तोच भरीवपणा. खोली निराळी, म्हणून घुमारा तेवढा निराळा. मी खात्री करायला आणखी एक मारली. तीच.

तिसरी मूठ होती. त्याचा ओठ फाटला, दातावर रक्त आलं, तो कीबोर्डवर पडला आणि सगळ्या पट्ट्या एकदम बोंबलल्या. मग त्याने खुर्ची उचलली. बरगडीत कळ आहे ती तिचीच. मी त्याचं डोकं टेबलावर आपटलं, त्याने माझ्या हाताला चावा घेतला, आणि ट्रॅक बंद कोण करणार, तो आपला चालूच: धाकटी 'पायऱ्या' गातेय आणि आम्ही दोघं घोडे जमिनीवर लोळतोय. शेवटी शेजाऱ्यांनी दार ठोकलं.

घरी येईपर्यंत एकच विचार. एक झापड. त्या दिवशी कामाचा ताण होता, लगेच मिटलंही होतं, मला आठवतसुद्धा नव्हती. आणि तिच्यातून निघालं काय तर आमचं सगळ्यात मोठं गाणं. हे कुणी का मोजत नाही?

४ मार्च

कंपनीत गेलो. म्हटलं, पहिलं गाणं काढा. कंपनीबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हीच ना म्हणालात पहिलं हेच हवं?" सह्या झालेल्या. त्यांनी विचारलं, कारण काय. काय सांगणार? ती टाळी माझी आहे म्हणून काढा? हात दाखवून अवलक्षण ते हेच. म्हटलं, ठोका जरा कर्कश वाटतो. त्या म्हणाल्या, "तोच तर सगळ्यांना आवडतोय."

जिन्यात मी मुठीने भिंत ठोकली. साल पुन्हा निघाली.

९ मार्च

धाकटीला सांगितलं की तू तुझी सही मागे घे, तू म्हणालीस तर बाई ऐकतील. ती माझ्या खोलीत, माइकच्या स्टँडपाशी उभी होती. "नाही" म्हणाली. असं सरळ "नाही" ती मला कधी म्हणाली होती? मी तिचा हात धरला आणि मागे वळवला. अजून वळवला. मनगटात काहीतरी कट्‌ वाजलं. मी म्हटलं, "आपलेच दात, आपलेच ओठ. घरातलं जगाला ऐकवून तुला काय मिळणार?"

ती रडली नाही. पूर्वी रडायची. दात आवळून म्हणाली, "मशीन चालू आहे का बघ."

मी यंत्राकडे बघितलं. दिवा नव्हता. म्हणजे मीच तो काढलाय. चालू आहे की बंद, मलाच कळेना. गेले काही दिवस मी रात्रंदिवस टाळ्या रेकॉर्ड करतोय, बंद करायचं राहूनही जातं. मी हात सोडला आणि यंत्राजवळ गेलो. चालू होतं.

मागे वळेपर्यंत लोखंडी स्टँड माझ्या खांद्यावर आलं. पूर्ण ताकदीने. मी गुडघ्यांवर आलो. तिने ते पुन्हा उचललं, माझ्या डोक्याच्या वर धरलं आणि तसंच धरून उभी राहिली. मला वाटलं, संपलं. मग तिने ते बाजूला ठेवलं, नीट, जागच्या जागी, आणि बाहेर जाऊन दार हळू लावून घेतलं.

आई स्वयंपाकघरात होती. तिने रेडिओ लावला नाही. हे मला आत्ता लिहिताना जाणवलं.

१५ मार्च

धाकटी जेवते, कपडे वाळत घालते, मनगटाला पट्टी आहे. माझ्याशी बोलत नाही. मी तिला म्हटलं, प्रकाशनाच्या कार्यक्रमात नंतर नव्या रेकॉर्डची घोषणा करू. ती म्हणाली, "कार्यक्रमाला येईन." आधीच्या वाक्याचं उत्तर नाही. येणार म्हणजे राग उतरतोय. रक्ताचं नातं आहे, कुठे जाणार?

२९ मार्च

प्रकाशन झालं. सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत आई, कंपनीबाईंच्या शेजारी. आवाजाच्या टेबलावर मुंगूस, ओठावर अजून खपली. मी माझ्या यंत्रांमागे, धाकटी पुढे माइकपाशी. सुरुवातीचं बटण मीच दाबायचं होतं. दाबलं.

टाळी यायला हवी होती. आली खुर्ची सरकल्याची कुरकुर. मग त्या सगळ्या मोठ्या स्पीकरांमधून मी: "परत. मेल्यासारखी गातेस." लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. मग "दमले रे दादा. पाच मिनिटं दे ना." हसणं तिथे थांबलं. मुंगसाने कार्यक्रमासाठी सुरुवात बदलली होती. त्याने एकट्याने नसणार.

"पाच मिनिटं?"

मग ती. एवढी मोठी मी ती कधी ऐकली नव्हती. छातीत बसली. मग श्वास. मग ती. मग श्वास. मागच्या रांगांतल्यांना काही कळलं नव्हतं, ते तालावर हात वर करून टाळ्या वाजवत होते, आणि जसजसं कळत गेलं तसतसे हात खाली येत गेले, मागे मागे, शेवटच्या रांगेपर्यंत. मग एकही टाळी नाही, फक्त ती एक.

धाकटीने गायला तोंडच उघडलं नाही. ती लोकांकडे पाठ करून माझ्याकडे वळली आणि बघत राहिली. प्रत्येक ठोक्याला मी दचकत होतो, मान आपोआप बाजूला जात होती. ती हलली नाही. मी बटणं दाबली, पण माझी यंत्रं मुंगसाच्या टेबलाला जोडलेलीच नव्हती. मी मुंगसाच्या अंगावर धावून जायला निघालो, वायरीत पाय अडकला आणि सगळ्यांसमोर तोंडावर पडलो. नाकातून रक्त आलं. कुणी उचलायला आलं नाही.

वर बघितलं तर आई उभी होती. मला वाटलं, आवाज बारीक करायला सांगेल. ती मुंगसाकडे वळून म्हणाली, "राहू दे. पूर्ण होऊ दे." गाणं संपेपर्यंत उभी राहिली. मग धाकटीने माइक खाली ठेवला, आईचा हात धरला आणि दोघी मधल्या वाटेने निघून गेल्या. लोकांनी वाट दिली.

३ एप्रिल

घरात मी एकटा. दोघींच्या बॅगा गेल्या. आईने रेडिओ नेला नाही. विसरली असेल.

लोक काय काय बोलतात. मारत्याचा हात धरता येतो, बोलत्याचं तोंड नाही. कंपनीबाई फोन उचलत नाहीत. मुंगसाच्या घरासमोर उभा राहिलो, मग परत आलो. बरगडी अजून दुखते.

१० एप्रिल

काम सुरू केलं पाहिजे. एकट्याची रेकॉर्ड करेन. ती टाळी आणि तो श्वास पुन्हा हाताशी असले की बाकीचं रचता येईल. तिचे जुने तुकडे वापरायचे नाहीत, वकिलाचं पत्र आलंय. म्हणजे नवेच करायला हवेत.

टाळी आज जमली. माइक जवळ घेतला, रेकॉर्डिंग चालू असल्याची खात्री केली आणि उजव्या हाताने स्वतःच्या डाव्या गालावर मारली. पहिली बोटांची झाली, पातळ. दुसरी कानावर बसली. चौथी अगदी तीच, दोन्ही शेजारी शेजारी लावून ऐकल्या, फरक सांगता येत नाही. कान वाजतोय, डोळ्यातून पाणी येतंय, पण टाळी जमली.

श्वास मात्र येत नाही. दुपारपासून बसलोय. दरवेळी मारल्यावर मी श्वास ओढतो आणि तो खोटा येतो. गाल सुजून डोळा मिटायला आलाय. आधी वाटलं, माइक लांब आहे. मग वाटलं, माझा गळाच तसा नाही. आत्ता जरा वेळ थांबून तिचा परत ऐकला. कारण साधं आहे. मला माहीत असतं की हात येतोय, म्हणून छाती आधीच घट्ट होते. असा श्वास यायला माणूस बेसावध लागतो.

एवढी वर्षं माझ्यासमोर उभी राहूनही त्या दिवशी ती बेसावध होती. तिला खरंच वाटलं होतं की पाच मिनिटं मिळतील.